घरी गिटार बनवताय? खान्देशच्या उन्हात मी केलेल्या या चुका टाळा

आमच्याकडे भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात नवीन काही नाही, केळीच्या बागेला सुद्धा तेव्हा कडेने शेवरीचा आडोसा लागतो. आणि मी गिटार बनवायचं वर्कशॉप थाटलं कुठे, तर गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत! खाली धूळ नको, राऊटरची (लाकडात खाचा पाडायचं विजेचं यंत्र) घरघर नको म्हणून बायकोने वर पाठवलं आणि मी पण खुशीत गेलो. पुढच्या निम्म्या चुका त्या एका खोलीतून निघाल्या.

गिटार बनवण्याचे जे व्हिडीओ आपण बघतो ते बहुतेक थंड मुलखातल्या लोकांचे असतात, त्यांच्या खोलीत ४५ ते ५० टक्के आर्द्रता कायम ठेवलेली असते आणि ते एक वाक्य बोलून पुढे जातात, ह्युमिडिटी कंट्रोल करा म्हणून. आपल्याकडे त्या वाक्यावरच सगळं अडतं. ऑनलाईन चारपाचशे रुपयात हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) मिळतो, तो मी फार उशिरा घेतला. माझ्या खोलीत तो मे मधल्या दुपारी १८ दाखवतो आणि श्रावणात ८५. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि सोडतं, रेषांच्या दिशेने जवळपास काहीच हलत नाही पण आडवं मात्र फुगतं आणि आकसतं. आता टॉपची, म्हणजे गिटारच्या पुढच्या बाजूची पाटी जेमतेम पावणेतीन मिलीमीटर जाडीची, तिच्या आतून आडव्यातिडव्या ब्रेसिंगच्या पट्ट्या चिकटवलेल्या, म्हणजे पाटीला आकसायचंय आणि पट्ट्या तिला आकसू देत नाहीत. मंग ती फाटते.

माझी फाटली. ब्रेसिंग मी श्रावणात चिकटवलं होतं, बाहेर झड लागलेली, दुसरं काही काम नव्हतं. एप्रिलमधे एका रात्री जेवण करून बसलो आणि कोपऱ्यातल्या गिटारमधून टक्क असा आवाज आला, सुपारी फोडल्यासारखा. ब्रिजपासून (टॉपवर तारा अडकवतात ती पट्टी) खालच्या कडेपर्यंत केसाएवढी रेघ. आत मोबाईलचा टॉर्च धरला तर रेघेतून उजेड दिसत होता.

तर पहिली गोष्ट, टॉप आणि बॅकचं चिकटवकाम पावसाळ्यात करूच नका. कोरड्या हवेत चिकटवलेली गिटार पावसाळ्यात फुगते, ॲक्शन (तारांची उंची) थोडी वर येते, पण फाटत नाही. दमट हवेत चिकटवलेली उन्हाळ्यात फाटते. तसंच भर मे मधे पण नको, १८ टक्क्यावर चिकटवलं तर श्रावणात पोट इतकं वर येतं की तारा बोटाने दबत नाहीत. आपल्याकडे दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ बरा. पावसाळ्यात नेक (गिटारचा दांडा) कोरा, जिग (कामाचे साचे) बनवा, हत्यारांना धार लावा, कामं भरपूर असतात.

आणि कूलर! ही खास आपली चूक आहे, कुठल्याच व्हिडीओत सापडणार नाही. दुसऱ्या गिटारच्या वेळी शहाणा होऊन मी काम खाली हॉलमधे आणलं, मार्च संपत आलेला, कूलर चालू, छान गार वाटतंय, मी आपला बॅक चिकटवतोय. हायग्रोमीटर बघितला तर ७२! कूलर म्हणजे खोलीत पाणीच सोडतो ना. बाहेर कडक ऊन आणि माझी पाटी श्रावणात बसल्यासारखी. चिकटवायच्या आदल्या दिवसापासून कूलर बंद ठेवा, घरचे बोलतील, ऐकून घ्या.

फाटलेलं टॉप फेकायचं नाही. साबणाच्या डबीला भोकं पाडून आत ओला पिळलेला स्पंज घाला, डबी गिटारच्या पोटात सोडा, साऊंडहोलवर झाकण. पाचसहा दिवसात लाकूड फुगून फट स्वतःच मिटते, तारा आधीच सैल करून ठेवा हे सांगायला नको. मंग पातळ गोंद रेघेवर टाकून बोटाने चोळत राहायचं, म्हणजे तो आत उतरतो, आणि आतून त्याच लाकडाचे छोटे चौकोनी तुकडे रेघेवर आडवे चिकटवायचे, आत एक लोहचुंबक बाहेर एक, मधे प्लॅस्टिकचा कागद. माझी रेघ आता दिसते पण वाढलेली नाही. ती साबणाची डबी दर उन्हाळ्यात गिटारमधे असते, फक्त स्पंज टपकायला नको.

लाकडाचं सांगतो. सातपुड्याचं सागवान जवळ आहे म्हणून कुणी ओळखीने आणून देतो म्हणेल, त्या भानगडीत पडू नका, सॉ मिलमधून पक्क्या बिलावर घ्या. टॉपचं स्प्रूस (परदेशी सूचिपर्णी लाकूड) बाहेरूनच मागवावं लागतं, पण फ्रेटबोर्डला, म्हणजे नेकवरच्या बोटं ठेवायच्या पट्टीला, आपलं शिसवी लाकूड आहे, इंडियन रोझवूड म्हणून जगभर गिटारवाले वापरतात ते हेच. ते घासताना मास्क लावा, त्या धुळीची पुष्कळांना ॲलर्जी होते. नेकसाठी मला पाडलेल्या धाब्याच्या घराची सागाची तुळई मिळाली, इतकी वर्षं वाळलेली, यापेक्षा सीझन्ड काय पाहिजे? पण आत एक मोडका खिळा होता आणि माझ्या रंध्याच्या पात्याला असा खाच पडला की दगडावर दोन संध्याकाळी गेल्या. जुन्या लाकडावरून आधी चुंबक फिरवा. आणि सागाला तेल असतं, गोंद वरवर बसतो आणि नंतर पापुद्र्यासारखा सुटतो, म्हणून चिकटवायच्या अगदी आधी थिनरच्या फडक्याने तो भाग पुसून घ्यायचा.

नवीन लाकूड आणलं की मी लगेच कापायला घ्यायचो. आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीकाकांनी पाटी हातात घेतली, गालाला लावली, म्हणे, "हे लाकूड अजून पाणी पिऊन बसेल आहे भो, त्याला ऱ्हाऊ दे." गालावर गार लागत होतं. मला गालावरचं कळत नाही, म्हणून मी स्वयंपाकघरातला काटा वापरतो. पाटीवर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहायचं, दर रविवारी पुन्हा वजन. तीनचार रविवार आकडा हलला नाही की कापायला घ्या. माझ्या एका पाटीवर ६१२, ५९८, ५९१, ५८९, ५८९ अशी उतरंड अजून दिसते, बायकोला वाटलं वाण्याचा हिशोब आहे.

गोंद. सुतार वापरतात तो साधा पांढरा गोंद बाकी फर्निचरला उत्तम, पण गिटारवर तारांचा ताण असतो, साध्या १२ नंबरच्या स्टीलच्या सेटचा मिळून ७० किलोच्या वर, म्हणजे एक धडधाकट माणूस ब्रिजला लटकलेला समजा, रात्रंदिवस. पांढरा गोंद असा सततचा ताण असला की हळूहळू सरकतो, आणि उष्णतेने नरम पडतो. माझी पहिली गिटार लग्नाला यावलला नेली, गाडी उन्हात, काचा बंद, जेवून येईपर्यंत ब्रिज मागच्या बाजूने उचललेला, आत कागद जाईल इतका. त्यानंतर ब्रिज आणि नेकला लाकडासाठीचा पिवळा गोंद नाहीतर सरस. सरस म्हणजे आपल्या जुन्या सुतारांचाच, कणी भिजत घालून डबल भांड्यात ६० अंशाच्या आसपास गरम करायचा, उकळू द्यायचा नाही. जानेवारीच्या रात्री तो लावेपर्यंत दह्यासारखा घट्ट होतो, म्हणून दोन्ही भाग आधी ड्रायरने कोमट करून घ्या. पण कुठलाही गोंद असला तरी गिटार उन्हातल्या बंद गाडीत ठेवायची नाही, तिथे पिवळा पण टिकत नाही.

साईड वाकवताना माझ्या तीन पट्ट्या मोडल्या, तिन्ही कमरेच्या वळणावर. कारण एकच, पट्टी ज्याच्यावर दाबून वाकवतात तो लोखंडी पाईप पुरेसा तापलेला नव्हता आणि मी जोर लावत होतो. पाईपवर पाण्याचा थेंब टाकला की तो नुसता वाफ होऊन जायला नको, मोत्यासारखा नाचत पळाला पाहिजे, भाकरीचा तवा तापला का ते बघतो ना तसंच. पट्टी दोन मिलीमीटरच्या आसपास पाहिजे. हाताला ती एकदम ढिली झाल्यासारखी लागते, तोच क्षण, तेव्हाच वाकवायचं, त्याच्या आधी नाही.

आता फ्रेट, म्हणजे फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या. इथे दोन चुका सगळेच करतात. एक म्हणजे प्रत्येक फ्रेट मागच्या फ्रेटपासून मोजणं. अर्ध्या मिलीमीटरची चूक दर वेळी एकाच बाजूला झाली तर विसाव्या फ्रेटपर्यंत सेंटीमीटर होतो. सगळी मापं नटपासूनच (नेकच्या वरच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) घ्या. ६४८ मिमी स्केल (तारेची वाजणारी लांबी) असेल तर ६४८ भागिले १७.८१७, पहिला फ्रेट ३६.३७ वर, उरलेल्या लांबीला पुन्हा तेवढ्यानेच भागून आधीच्या आकड्यात मिळवत गेलं की दुसरा नटपासून ७०.७० वर, पाचवा १६२.५५ वर आणि बारावा बरोबर मधोमध ३२४ वर. बारावा मधोमध आला नाही तर पुढे जाऊच नका. दुसरी चूक हॅकसॉच्या पात्याने खाचा पाडणं. त्याचे दात डावीउजवीकडे वाकवलेले असतात, खाच मिलीमीटरच्या जवळपास रुंद होते आणि फ्रेटला पाहिजे असते ०.६ च्याही आत. फ्रेट मंग आत सैल खुळखुळतो आणि लोक त्यात सुपरग्लू भरत बसतात, मी पण भरलाय.

आणि मे मधे फ्रेटबोर्ड आकसला की फ्रेटची टोकं बाहेर येतात, नेकवरून हात फिरवला की करवतीसारखी लागतात. नेक खराब झाला असं वाटून घेऊ नका, धातू तेवढाच आहे, लाकूड कमी झालंय. टोकांची शेवटची घासाई मे मधेच करा, मंग वर्षभर त्रास नाही.

लोडशेडिंगबद्दल एकच सांगतो पण ते लक्ष द्या. राऊटरचं बटण लॉक करून ट्रस रॉडची (नेकमधली, त्याचा बाक कमीजास्त करायची सळई) खाच पाडत होतो, लाईट गेली. राऊटर तसाच टेबलावर ठेवून चहा प्यायला गेलो. लाईट आली आणि तो बहाद्दर आपोआप सुरू होऊन टेबलावर पळायला लागला. मी खोलीत नव्हतो म्हणून दहा बोटं आहेत. लाईट गेली की आधी प्लग काढा.

तारा चढवल्यावर खरखर येते, आणि पहिल्या दिवशी येतेच, तर लगेच कानस घेऊन फ्रेटवर तुटून पडू नका. खरखर कुठे येते ते आधी ऐका. फक्त मोकळी तार वाजवताना येते आणि फ्रेट दाबल्यावर जाते, तर नटची खाच खोल गेलीय. पहिल्या चारपाच फ्रेटवर येते, तर नेक मागे वाकलाय, ट्रस रॉड पाव फेरा सैल करून बघा. एकाच जागी येते, तर पुढचा एखादा फ्रेट उंच राहिलाय. बारा-चौदाच्या पुढे येते तर नेक बॉडीला मिळतो तिथे उंचवटा आहे. नेकचा बाक मोजायला तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर दाबून सहाव्या-सातव्यावर फट बघायची, ०.२ ते ०.२५ मिमी पाहिजे, आणि ते मोजायला महागडं काही घेऊ नका, गॅरेजवाला टॅपेट सेट करायला वापरतो तो फिलर गेज चालतो. माझा शंभर रुपयाचा आहे, ग्रीसचा वास अजून येतो.

सूर लागतो पण वरच्या फ्रेटवर बेसूर, ही तक्रार असेल तर सॅडलची (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) जागा चुकलीय. माझं तेच झालं, ६४८ च्या स्केलला सॅडल बरोबर ६४८ वर बसवलं, इतका आनंद झाला होता मापात बसलं म्हणून. तार दाबली की ताणली जाते आणि सूर चढतो, म्हणून सॅडल मागे सरकवावं लागतं, बारीक तारेला दीडदोन मिमी, जाड तारेला चारच्या आसपास, म्हणूनच ते तिरकं असतं. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून) वाजवा, मंग तिथेच दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. मला जुनी खाच शिसवीच्या पट्टीने बुजवून नवीन पाडावी लागली.

विचारायला जवळ कुणी नाही ही खरी अडचण. वाद्यं घडवायची म्हटलं की आपल्या राज्यात मिरज, तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मधे जीआय मानांकन पण मिळालं, पण मिरज आपल्यापासून एका टोकाला. म्हणून मी मिस्त्रीकाकांना, गॅरेजवाल्याला, पॉलिशवाल्याला विचारत फिरतो. चपड्याचं पॉलिश पावसाळ्यात पांढरट पडतं हे पॉलिशवाल्याने सांगितलं होतं, ऐकलं नाही, दुसऱ्या गिटारच्या पाठीवर धुकं उतरल्यासारखा डाग आहे. कोरड्या दिवशी स्पिरीटचा हलका हात मारून बराचसा गेला.

तिसरीच्या साईड सध्या साच्यात आहेत, खालच्या खोलीत, खिडकीपासून लांब. टॉपचं वजन गेल्या रविवारी १९४ होतं, त्याच्या आधी १९६. अजून दोन रविवार थांबतोय.