मॉडेल रॉकेट: उडवण्याआधीची तयारी

दिवाळीत बाटलीत बाण उभा करून उदबत्तीने वात पेटवण्यात ज्यांचं बालपण गेलं, त्यांना अमेरिकेत मुलांसाठी मॉडेल रॉकेटचं किट घेताना वाटतं, यात कसली आलीये तयारी? बाण वर गेला की काम संपायचं. तो कुणाच्या गच्चीवर पडला याची काळजी गच्चीवाल्याने करायची. इथे तसं नाही. हे रॉकेट पॅराशूटने खाली यायला हवं, सापडायला हवं आणि नवी मोटर घालून त्याच दुपारी पुन्हा उडायला हवं. वर नेणं हे कारखान्यात बनलेल्या मोटरचं, म्हणजे दारू ठासलेल्या नळीचं काम, परत आणणं आपलं. म्हणून पुढची बरीचशी यादी परतीचीच आहे.

सुरुवात दुकानातून. पहिलं रॉकेट म्हणून एस्टेस कंपनीचं अल्फा थ्री बहुतेकजण घेतात: लांबी साधारण 31 सेंटीमीटर, वजन 35 ग्रॅमच्या आसपास, शेपटाकडचे तिन्ही पंख प्लॅस्टिकच्या एकाच भागात. सात-आठ वर्षांच्या मुलाला तेच बरं. मूल जरा मोठं असेल आणि तुमच्यात दम असेल, तर बाल्सा लाकडाचे पंख असलेलं साधं अल्फा घ्या. एकेक पंख हाताने चिकटवला की रॉकेट सरळ का जातं हे सांगत बसावं लागत नाही. खोक्यावर बारीक अक्षरात ‘मोटर वेगळी घ्यावी’ असं लिहिलेलं असतं आणि ते हमखास वाढदिवसाच्या दिवशीच वाचलं जातं. तेव्हा किटबरोबरच मोटरींचं पाकीट, न पेटणाऱ्या कागदाचं म्हणजे वॉडिंगचं पाकीट, लाँच पॅड, दुरून बटण दाबून मोटर पेटवणारा कंट्रोलर आणि त्याचे नवे अल्कलाइन सेल एकदमच टोपलीत टाका. पॅड आणि कंट्रोलर लाँच सेटमध्ये येतात. मोटरी बहुधा त्यातही नसतात.

मोटरवरचे आकडे नीट वाचायला शिका, कारण चूक झाली तर इथेच होते. ए8-3 असं लिहिलं असेल तर ‘ए’ ही ताकदीची पायरी. ए मोटरचा एकूण आवेग जास्तीत जास्त अडीच न्यूटन-सेकंद, बीचा पाच, सीचा दहा. म्हणजे दर अक्षराला दुप्पट. 8 हा सरासरी जोर, न्यूटनमध्ये. शेवटचा 3 म्हणजे जळण संपल्यावर पॅराशूट बाहेर फेकणारा बार उडेपर्यंतचे सेकंद. तेवढ्या वेळात रॉकेट मिळालेल्या वेगावर वर जात राहतं आणि धूर सोडतं, म्हणून ते दिसतं. शेवटी 0 असलेली मोटर दोन टप्प्यांच्या रॉकेटच्या खालच्या टप्प्यासाठी असते, ती आपल्या कामाची नाही. पहिल्या दिवशी ए8-3 वापरा, मग बी6-4. सी6-5 पोरं मागतीलच. तिचं काय करायचं ते मैदान बघून ठरवू.

मोटर विकतच का घ्यायची, शोभेची दारू घरी का ठासायची नाही, यामागे इतिहास आहे. 1950 च्या दशकात उपग्रहांच्या बातम्यांनी भारावलेली अमेरिकी मुलं गॅरेजमध्ये स्वतःच इंधन बनवू लागली आणि भाजून, बोटं गमावून बसली. नेब्रास्कातल्या नॉरफोकमध्ये चपला-बुटांचं दुकान चालवणारे ऑरव्हिल कार्लाइल यांना फटाक्यांच्या दारूची चांगली जाण होती. त्यांनी 1954 मध्ये बदलता येणाऱ्या मोटरचं छोटं रॉकेट बनवलं. ते हॅरी स्टाइन या रॉकेट-अभियंत्याच्या हाती पडलं, 1957 मध्ये नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री उभी राहिली आणि कोलोरॅडोत व्हर्न एस्टेस यांनी मोटरी भराभर ठासणारं यंत्र बसवलं. बंद, एकदाच वापरायची, विजेने दुरून पेटणारी मोटर हा या छंदाचा पाया आहे. ‘आमच्याकडे नुसती काडी लावायचे’ हे वाक्य मुलांसमोर नको.

जोडणीला निदान एक वीकेंड आधी बसा, आदल्या रात्री नाही. कागद आणि लाकडाला पांढरा किंवा पिवळा सुतारी गोंद, प्लॅस्टिकला प्लॅस्टिक सिमेंट. अल्फाच्या नळीत मोटरचा कप्पा सरकवताना मात्र जपा. गोंदाचं कडं नळीच्या आत बोटाने किंवा काडीने लावायचं आणि कप्पा खुणेपर्यंत एका दमात ढकलायचा. मध्ये ‘सरळ आहे ना?’ म्हणून क्षणभर थांबलात की कागद गोंद पितो, कप्पा निम्म्यावर धरतो आणि मग कितीही जोर लावा, हलत नाही. खूण आधी पेन्सिलीने करून ठेवा, घरच्यांना गप्प बसायला सांगा आणि ढकला. पंखांसाठी नळीवर उभी सरळ रेघ हवी. ती दाराच्या चौकटीच्या खाचेत नळी टेकवून छान मारता येते. बाल्साच्या रेषा पंखाच्या पुढच्या कडेला समांतर असल्या पाहिजेत, नाहीतर पंख पहिल्याच आपटीत मोडतो. चिकटलेल्या पंखाच्या दोन्ही बाजूंनी गोंदाची बारीक रेघ बोटाने ओढून घ्या आणि रॉकेट उभं ठेवून वाळू द्या.

रंगाबद्दल थोडक्यात: केशरी, लाल, काळा. हिरवा आणि आकाशी दुकानातच ठेवा, गवतात सापडत नाहीत. ज्या छोट्या नळकांड्यातून लाँच रॉड, म्हणजे पॅडवरची उभी सळई, जातो त्यात रंग गेला असेल तर तो खरवडून काढा. नळीवर फोन नंबर लिहा.

आता पॅराशूटकडचं टोक. नोज कोन, म्हणजे रॉकेटचं टोकदार नाक, आणि नळी यांना धरून ठेवणारी रबरी दोरी, म्हणजे शॉक कॉर्ड, नळीच्या आत घडीच्या कागदाने चिकटवलेली असते. वाळल्यावर ती ओढून बघा. लाज वाटेल इतकी जोरात. नोज कोन उलटा धरला तर गळता कामा नये, पण शेपटाकडून जोरात फुंकर मारली की बाहेर यायला हवा. घट्ट असेल तर पॉलिशपेपर, सैल असेल तर सेलोटेपचा एखादा वेढा. घट्ट नोज कोन हा सगळ्यात वाईट दोष. पॅराशूट आतच राहतं आणि रॉकेट भाल्यासारखं जमिनीत घुसतं.

आदल्या दिवशी हवामान बघा. ताशी 20 मैलांपेक्षा जास्त वारा असेल तर असोसिएशनचा सुरक्षा नियमच नाही म्हणतो. माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला 10 च्या वर नकोच. पहाटे किंवा संध्याकाळी वारा पडलेला असतो. मैदानाचा हिशोब असा: त्याच नियमांनुसार ए मोटरला मैदानाची सगळ्यात लहान बाजू 100 फूट लागते, बीला 200, सीला 400. शाळेच्या सॉकर मैदानावर ए आणि बी बसतात, सी बसत नाही. सी मोटरने अल्फा 300 मीटरच्या आसपास जातं. तिथून सेकंदाला पाचेक मीटरने उतरायला त्याला मिनिटभर लागतं, आणि ताशी 10 मैलांचा वारा तेवढ्यात त्याला पावणेतीनशे मीटर दूर नेतो. म्हणजे मैदान, पार्किंग लॉट आणि बहुधा कुणाचं तरी छप्पर. मोठ्या मैदानावरही पॅराशूटच्या मधोमध गोल भोक पाडून ठेवा, उतरणं जरा झटपट होतं.

परवानगीचं आधी विचारा. बऱ्याच शहरांच्या पार्कात रॉकेट उडवायला बंदी असते आणि शाळेचं मैदान म्हणजे शाळेची हो लागते. कॅलिफोर्नियात मोटरवर स्टेट फायर मार्शलचा शिक्का लागतो आणि स्थानिक अग्निशमन खात्याकडेही विचारावं लागतं. एवढ्या लहान रॉकेटसाठी एफएएची, म्हणजे अमेरिकेच्या हवाई वाहतूक खात्याची, वेगळी परवानगी लागत नाही, पण वर विमान दिसत असेल तर थांबायचं. हे सगळं नको असेल तर जवळच्या क्लबच्या लाँचला जा. तिथे जागा, पॅड आणि चार जाणकार आयते मिळतात.

निघताना पिशवीत वॉडिंग, टाल्कम पावडर, चिकटपट्टी, पॉलिशपेपर, जादा सेल, पाण्याची बादली, टोप्या आणि खाऊ. मोटरी उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत दिवसेंदिवस ठेवू नका. थंड-गरम होऊन आतल्या दारूला तडा गेला की मोटर पॅडवरच फुटू शकते. हातातून कठीण फरशीवर पडलेली मोटरही बाद समजा.

मैदानावर पॅडभोवतालचं वाळकं गवत काढा. पॅराशूट भाजू नये म्हणून वॉडिंगचे तीन-चार चौकोन सैलसर चुरगाळून नळीत सोडा. ठासू नका, पण फटही राहू देऊ नका. टॉयलेट पेपर चालणार नाही, तो पेटत खाली येतो. पॅराशूट घरून भरून आणू नका, थंडीत प्लॅस्टिक घडीतच आखडून बसतं. मैदानावर उघडा, पावडर लावा, घडी घाला, दोऱ्या सैल गुंडाळा. मग मोटरमध्ये स्टार्टर, म्हणजे ती पेटवणारी बारीक तार, घाला. त्याचं टोक आतल्या दारूला टेकलंच पाहिजे, दोन तारा एकमेकींना लागता कामा नयेत, आणि वरून प्लग दाबायचा. रॉकेट उडालं नाही तर दहापैकी नऊ वेळा गडबड इथेच असते.

कंट्रोलरची किल्ली स्टार्टरच्या तारांना क्लिपा लावणाऱ्याच्याच खिशात, दुसऱ्या कुणाच्या नाही. रॉडचं टोक डोळ्यांच्या पातळीला येत असेल तर त्यावर टोपी, आणि ती उडवण्याआधी काढायची आठवण. सगळे 15 फूट मागे, आजी-आजोबा खुर्च्यांसकट. मोठ्याने पाच, चार, तीन, दोन, एक. बटण दाबून काहीच झालं नाही तर किल्ली काढा आणि पूर्ण 60 सेकंद कुणीही पॅडकडे जायचं नाही, ‘मी बघून येतो’ म्हणणारे काका तर नाहीच. रॉकेट विजेच्या तारांत अडकलं तर ते गेलं असं समजा. उंच झाडावर असेल तर वाऱ्यावर सोडा.

सुट्टीत भारतात जाताना भाच्यासाठी किट नेणार असाल, तर मोटरी बॅगेत घालू नका. टीएसए, म्हणजे अमेरिकी विमानतळावरची सुरक्षा तपासणी, त्या हातातल्या बॅगेतही चालवत नाही आणि चेक-इनमध्येही. नुसतं किट नेता येतं, शोकेसमध्ये शोभतं. तिथे उडवायचंच असेल तर कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली, एक तृतीयांश पाणी, बुचात बसवलेला सायकलचा व्हॉल्व्ह आणि हवेचा पंप एवढं पुरतं. बाटली फक्त कोल्ड्रिंकचीच, पाण्याची पातळ बाटली दाबाला फुटते. पंप मारणाऱ्याने दूर उभं राहायचं, आणि कपड्यांचा एक जोड जास्त.