दुर्बिणीची पहिली रात्र: निम्मं काम उजेडातच उरका

दुर्बीण घरी आली की त्याच रात्री आकाशाला लावायची घाई होते. ती आवरा. आधी पंचांग उघडा आणि मार्गशीर्ष किंवा पौषातली शुक्ल पंचमी ते अष्टमीमधली एखादी रात्र ठरवा. पौर्णिमा नको. तेव्हा चंद्रावर ऊन समोरून पडतं, सावल्याच उरत नाहीत आणि बाकीचं आकाशही उजळून जातं. अर्धवट चंद्रावर मात्र उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या लांब सावल्या पडलेल्या असतात, पाहण्यासारखं सगळं तिथेच. शिवाय पंचमी-षष्ठीचा चंद्र दहा-अकराच्या सुमारास मावळतो आणि पुढे काळोख मिळतो.

त्या दिवशी दुपारी चारला दुर्बीण अंगणात मांडा. गच्चीपेक्षा अंगण बरं, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडत राहतो आणि चित्र थरथरतं. माती भुसभुशीत असेल तर खाली जाड फळी घाला. माझ्याकडे सहा इंची डॉब्सोनियन आहे, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण. तिचं नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं) १२०० मिमी. तिला २५ मिमीचं आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, लावलं की १२०० भागिले २५, म्हणजे ४८ पट मोठं दिसतं. सुरुवात नेहमी याच आयपीसने करा, जास्त मोठं दाखवणारं १० मिमीचं नंतर. सूर्याकडे पाठ करून अर्धा-एक किलोमीटरवरचा देवळाचा कळस किंवा टॉवर आयपीसच्या मधोमध आणा. मग दुर्बीण न हलवता फाइंडरचे (नेम धरायला वर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीचे) स्क्रू फिरवून तोच कळस त्याच्या फुलीवर घ्या. कळस उलटा दिसेल. तो बिघाड नाही, आरशाच्या दुर्बिणीत असंच दिसतं.

हे काम पहिल्या वेळी मी अंधारात करायला घेतलं होतं. चंद्र डोक्यावर लख्ख आणि आयपीसमध्ये नुसता काळोख. पाऊण तास झटले, तोवर वाट बघून बघून भाचरं झोपून गेली. आजही त्याची हळहळ वाटते.

आणि हे जीव तोडून सांगते: सूर्य मावळेपर्यंत दुर्बिणीपाशी मोठं माणूस हवंच. दुर्बिणीतून सूर्य क्षणभर जरी पाहिला तरी डोळा कायमचा जाऊ शकतो. आयपीसला लावायची छोटी काळी सौर काच सोबत आली असेल तर ती फेकून द्या. उष्णतेने ती तडकते.

संध्याकाळी झाकण काढून दुर्बीण अर्धा तास बाहेरच्या हवेत निवू द्या. तेवढ्यात शेजारच्या काकूंना पडवीतला दिवा दोन तास बंद ठेवायची विनंती करा. रस्त्याचा दिवा आड करायला दोरीवर चादर टाका. टॉर्चच्या तोंडाला लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन पदर रबराने बांधा. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या एका झगमगाटात ती मेहनत वाया जाते. पायात बूट, कानाला मफलर, बसायला स्टूल. डासांचं मलम लावलंत तर हात धुऊनच आयपीसला हात लावा. काचेवर दंव किंवा श्वासाची वाफ धरली तर पदराने पुसू नका, आपोआप उडू द्या.

काय पाहायचं तेही आधीच ठरवा, दोन-तीन गोष्टी पुरेत. आधी चंद्र. मग कृत्तिका. गुरू वर असेल तर त्याच्या शेजारी ओळीत बसलेले चंद्र, जे गॅलिलिओने १६१० साली पाहिले. चंद्र मावळला की मृगाच्या पोटातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला वळा. तिथला तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा चमकता ढग, सुमारे १,३०० प्रकाशवर्षं लांब आहे. फोटोतले गुलाबी रंग दिसणार नाहीत, राखाडी धुकं दिसेल, हे पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा. थेट बघण्याऐवजी नजर जराशी बाजूला धरली की ते धुकं पसरत जातं. पृथ्वी फिरते म्हणून कुठलीही गोष्ट तीन-चार मिनिटांत आयपीसबाहेर सरकते, तेव्हा प्रत्येकाच्या आधी तुम्ही स्वतः एकदा डोळा लावून दुर्बीण नीट करून द्या.

म्हाताऱ्या माणसांना पहिला नंबर द्या. माझ्या आईला एक डोळा मिटता येईना. तिने त्यावर पदर दाबून धरला, दुसरा आयपीसला लावला, आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "अगं, खड्ड्यांना कडा आहेत."