बाबांचा बीपी अन् तीन भरलेल्या पट्ट्या

आमच्या बाबांचा बीपी वर्षभर १७०/१०० च्या खाली यायलाच तयार नव्हता. अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन अन् लघवीची गोळी क्लोरथॅलिडोन, तिन्ही चालू, दर महिन्याला यवतमाळची चक्कर. डॉक्टर चौथी गोळी लिहिणार तेवढ्यात थांबले, म्हणाले आधी घरी उरलेल्या गोळ्या मोजा.

कोठीवरचा बिस्किटाचा डबा उघडला तर क्लोरथॅलिडोनच्या तीन पट्ट्या जशाच्या तशा! विचारलं तर म्हणे, "सारखं लघवीले लागते, वावरात चालते, यष्टीत काय करू? अन् डोकं दुखत नाई त गोयी कायले खाऊ?" आता यात त्यांचं तरी काय चुकलं, आम्ही कोणी कधी विचारलंच नव्हतं. बीपी दुखत नाही हाच तर घोळ आहे.

मग डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं (बाबा लाजले, पण ठीक आहे), त्यांनी तिन्ही औषधं एकाच गोळीत असलेली लिहून दिली आणि गावाला जायच्या दिवशी घरी परत आल्यावर घ्या म्हणाले. आता आई सकाळी बशीत गोळी ठेवते, ती तोंडात गेल्याशिवाय कपात चहा पडत नाही. भाषणं देऊन जे झालं नाही ते चहानं झालं. रिकामी पट्टी फेकायची नाही, आशाताई बीपी बघायला आल्या की मोजतात.

दोन महिन्यांनी १३८/८६ आला. ठेच्यातल्या मिठावरून मात्र रोज भांडण सुरूच आहे.