गाळतळ्यातून बाहेर पडणारे पाणी गढूळच राहते: माझा अनुभव

उघड्या खाणीतील पावसाचे पाणी गाळतळ्यात (गाळ खाली बसावा म्हणून केलेल्या तळ्यात) दिवसभर थांबूनही बाहेर पडताना चहासारखे तांबूस दिसे. वाळू तळाशी बसलेली असे, गढूळपणा मात्र तसाच राही. तळ्यातील गाळ उपसला, खोली वाढवली, तोंडाशी दगडी बांध घातला, पण उपयोग झाला नाही, आणि दोन पावसाळे यातच वाया गेले.

कारण कणांच्या आकारात होते. 2 मायक्रॉनच्या (1 मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चिकणमातीच्या कणाला शांत पाण्यातही 1 मीटर खाली जाण्यास सुमारे 3 दिवस लागतात. त्याहून बारीक कण समान विद्युतभारामुळे एकमेकांना दूर लोटत तरंगतच राहतात.

प्रथम डोंगरउतारावरचे स्वच्छ पाणी चर खणून खाणीबाहेर वळवले, त्यामुळे तळ्यावरचा भार घटला. मग 1 लिटरच्या बरण्यांत तुरटीच्या वेगवेगळ्या मात्रा घालून 1 मिनिट जोरात, 15 मिनिटे सावकाश ढवळले आणि अर्धा तास स्थिर ठेवले. ज्या सर्वांत कमी मात्रेत वरचे पाणी निवळले, ती निवडली. तुरटीने पाण्याचा सामू (pH, म्हणजे आम्लता दाखवणारा अंक) उतरतो, म्हणून तो 6 ते 7.5 दरम्यान राहील इतकाच चुना दिला. तुरटीचे द्रावण तळ्यात न ओतता (आमची जुनी चूक हीच होती) येणाऱ्या चरातील खळाळत्या जागी थेंबथेंब सोडले. शेवटी तळ्यात आडवे पडदे लावून पाण्याची वाट लांबवली आणि निचरा तरंगत्या नळीने पृष्ठभागावरून घेतला. पुढच्या जोरदार सरीनंतर निचऱ्याच्या पाण्यात बादलीचा तळ दिसला.