लिनक्स लॅपटॉपवर माइकची खरखर: या चुका टाळा

साताऱ्यात जून उजाडला की पत्र्याच्या खोलीतून ऑनलाइन शिकवणी घेणाऱ्यांचे हाल सुरू होतात. वर पाऊस, डोक्यावर पंखा. अशा वेळी बहुतेक जण आधी आवाज गाळणारं सॉफ्टवेअर टाकतात. माझ्या मते पहिली चूक हीच. खरखर माइक फाजील वाढवल्यामुळे येत असेल, तर गाळणी लावून आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो, एवढंच.

आधी बूस्ट, म्हणजे माइकचा आवाज वाढवून देणारी सेटिंग, बघा. टर्मिनलमध्ये ‘अल्सामिक्सर’ (alsamixer) ही आवाजाच्या पट्ट्या दाखवणारी कमांड चालवा, एफ६ दाबून साउंड कार्ड निवडा, मग माइकच्या पट्ट्यांसाठी एफ४ दाबा. तिथे ‘इंटर्नल माइक बूस्ट’ दिसेल. बऱ्याच लॅपटॉपवर तो १० डेसिबलच्या टप्प्यांनी ३० पर्यंत जातो, आणि ३० वर तुमच्या बोलण्याबरोबर लॅपटॉपचा पंखाही ओरडायला लागतो. तो शून्यावर किंवा १० वर आणा. आवाज कमी वाटला तर माइकच्या जवळ या. अंतर निम्मं केलं की बोलणं साधारण ६ डेसिबलने वाढतं, खोलीतला गोंगाट मात्र तेवढाच राहतो. सेटिंगमधली माइकची पट्टी शेवटपर्यंत ओढू नका. अनेकदा तीच बूस्टही वर चढवते.

एकसुरी घूंऽऽ ऐकू येत असेल तर चार्जर काढून दहा सेकंद रेकॉर्ड करा. घूं गेली, तर दोष चार्जरचा किंवा घराच्या अर्थिंगचा. आपल्या विजेचे ५० हर्ट्झ असे माइकमध्ये शिरतात. माझ्या जुन्या घरात दोन पिनांच्या सॉकेटपायी मी आठवडाभर सॉफ्टवेअरशी झुंजलो, तो त्रास अजून आठवतो.

एवढं झाल्यावरच गाळणी. ‘इझीइफेक्ट्स’ या गाळणीला पाइपवायर, म्हणजे लिनक्सची आवाज हाताळणारी नवी यंत्रणा, लागतं. उबंटूत ते आवाजासाठी २२.१० पासून मूळचंच आहे. पल्सऑडिओ ही जुनी यंत्रणा असेल तर ‘नॉइजटॉर्च’ ही गाळणी घ्या. दोन्हींत ‘आरएननॉइज’ (RNNoise) हे बोलणं आणि गोंगाट वेगळं करणारं तंत्र वापरता येतं. गाळणी टाकून मीटिंगमध्ये जुनाच माइक निवडलेला ठेवणं ही रोज दिसणारी चूक. गाळणीने यादीत आणलेला नवा माइक निवडा आणि मीटिंगची स्वतःची गाळणी बंद करा, नाहीतर दोन गाळण्यांत शब्द चिरडतात. नॉइजटॉर्चची मर्यादा (किती खात्रीने बोलणं वाटलं तरच आवाज पुढे सोडायचा, ती पट्टी) फार वर नेली तर शब्दांच्या शेवटचे ‘स’, ‘ह’ गळतात. मुलांना नेमकं तेच ऐकू येत नाही.

भजन रेकॉर्ड करणाऱ्यांनी आरएननॉइजच्या वाटेला जाऊच नये. ते माणसाचा आवाज राखायला शिकवलेलं आहे. पेटी आणि टाळ त्याला गोंगाट वाटतात. सुरुवातीला दोन-तीन सेकंद सगळ्यांनी गप्प बसा आणि नंतर ‘ऑडॅसिटी’ या रेकॉर्डिंग सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये तेवढा तुकडा नमुना म्हणून देऊन खरखर कमी करा.

ब्लूटूथ हेडसेटवर माइक चालू झाला की आवाजाचा दर्जा उतरतो. त्यापेक्षा माइकवाला साधा वायरचा इअरफोन घ्या. पत्र्यावरच्या पावसात तोच सगळ्यात उपयोगी पडतो, फक्त माइक कॉलरला घासणार नाही असा चिमट्याने अडकवा.