कामगारांच्या पेपरवाचनावर लिहिताय? या चुका टाळा

एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश कामगारांच्या पेपरवाचनावर लिहिताना बहुतेकांचं गणित खपाच्या आकड्यापाशी फसतं. चार्टिस्टांच्या, म्हणजे कामगारांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या चळवळीच्या, ‘नॉर्दर्न स्टार’ या साप्ताहिकाचा खप १८३९ मध्ये आठवड्याला तीस हजारांच्या वर गेला होता. पण हे झाले विकले गेलेले अंक. वाचक किती, ते यावरून कळत नाही. अंकाची किंमत साडेचार पेन्स. हातमागावरच्या विणकराला दर आठवड्याला ती झेपणं कठीण, म्हणून काही जण मिळून एक अंक घेत. पबमध्ये नाहीतर कॉफी हाउसात एकजण मोठ्यानं वाची, बाकीचे ऐकत, मध्येच वाद घालत. शिवाय सरकारी मुद्रांक, म्हणजे पेपरवरचा कर भरल्याचा शिक्का, असलेला अंक टपालानं फुकट जाई, त्यामुळे वाचून झालेला पेपर परगावच्या ओळखीच्यांकडेही पोचे. मात्र म्हणून खपाला सरसकट वीसनं गुणूनही मोकळे होऊ नका. पबमधली प्रत आणि घरातली प्रत यांत फार फरक पडतो.

दुसरी चूक मला जास्त खटकते: ‘१८३६ मध्ये मुद्रांक चार पेन्सवरून एका पेनीवर आला आणि पेपर गरिबांच्या आवाक्यात आला.’ त्याआधी कामगार काय वाचत होते ते बघा. हेन्री हेदरिंग्टन १८३१ पासून ‘पुअर मॅन्स गार्डियन’ मुद्रांक न लावता एका पेनीला विकत होता. त्यासाठी तो तुरुंगात गेला, पेपर विकणारे शेकडो लोक गेले. १८३६ च्या कायद्यानं कर उतरवला, पण बिनमुद्रांकी पेपरांवरच्या शिक्षा कडक केल्या. पेनीचे पेपर संपले आणि त्याच वाचकाला साडेचार पेन्स मोजावे लागले. मुद्रांकाची सक्ती गेली ती थेट १८५५ मध्ये.

सहीवरून साक्षरता मोजतानाही सांभाळा. १८४० च्या सुमारास इंग्लंडमध्ये लग्नाच्या नोंदवहीत सही करणाऱ्या बायका जेमतेम निम्म्या होत्या. पण तेव्हा आधी वाचायला शिकवत, लिहायला नंतर. काही रविवारच्या शाळा तर लिहिणं शिकवतच नसत. अंगठेबहाद्दर म्हणून सोडून दिलेल्यांत वाचणारेही असायचे.

कामगार फक्त राजकारण वाचत, हेही खरं नाही. १८४२ मध्ये निघालेलं ‘लॉइड्स वीकली’ खून-खटल्यांच्या बातम्यांवरही चाललं.

आणि हा साचा उचलून मुंबईला लावू नका. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेला ‘दीनबंधु’ पुढं नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईतून चालवला. त्याच्या गिरणी कामगार वाचकांचा विचार तिथल्या चाळी, जाती आणि शाळा लक्षात घेऊनच करावा लागतो.

शेवटचं, साधनांबद्दल. कामगारांच्या आत्मचरित्रांवर सगळी भिस्त ठेवू नका. ती लिहिणारे वाचनवेडे असणारच. ‘नॉर्दर्न स्टार’मधल्या गावागावांतून चळवळीला आलेल्या वर्गणीच्या याद्या उघडा. पेपरचा मालक आणि चार्टिस्ट पुढारी फिअरगस ओकॉनरचं नाव ठेवलेल्या बाळांची नोंदही या पेपरात छापून येई. आत्मचरित्र न लिहिणारी माणसं तिथं सापडतात.