मेटॅलोथायोनिन पेशींना वाचवतं, हे लॅबमध्ये कसं दाखवायचं

धातू पकडणाऱ्या प्रोटीन्समध्ये माझं सगळ्यात आवडतं मेटॅलोथायोनिन. 1957 मध्ये घोड्याच्या किडनीतून सापडलं, साठेक अमिनो ॲसिडचं एवढंसं प्रोटीन, पण त्यात 20 सिस्टीन (सल्फर असलेलं अमिनो ॲसिड), म्हणजे जवळपास दर तिसरं! त्यांच्या सल्फरवर झिंकचे 7 अणू धरलेले असतात, कॅडमियम आलं की झिंक सोडून त्याला घट्ट धरतं, आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस आला की सल्फर स्वतः ऑक्सिडाइज होतं आणि झिंक सुटतं, ते सुटलेलं झिंक एमटीएफ-1ला, म्हणजे मेटॅलोथायोनिनचं जीन चालू करणाऱ्या प्रोटीनला, जागं करतं आणि पेशी आणखी मेटॅलोथायोनिन बनवते. किती सुंदर आहे ना हे!

आता प्रयोग. पेशींना आधी कमी डोसचं झिंक द्यायचं, म्हणजे मेटॅलोथायोनिन वाढेल, रात्रभर ठेवायचं, नीट धुवायचं आणि मग कॅडमियम द्यायचं. झिंकचा स्टॉक पाण्यातच करा, फॉस्फेट बफरमध्ये नको, झिंक फॉस्फेट तयार होऊन ट्यूब दुधाळ होते आणि मग डोस किती गेला काही कळत नाही. कॅडमियम विषारी आहे, ग्लोव्हज घाला आणि वेस्ट वेगळं ठेवा, सिंकमध्ये अजिबात ओतू नका. प्लेटवर चार गट हवेतच: काहीच न दिलेला, फक्त झिंक, फक्त कॅडमियम, आणि झिंकनंतर कॅडमियम. दुसऱ्या दिवशी जिवंत पेशी मोजा.

प्रोटीन खरंच वाढलंय का तेही बघायला लागतं, आणि बरेच जण इथेच अडकतात. यात ट्रिप्टोफॅन नाही, टायरोसिन नाही (यूव्ही प्रकाश शोषणारी अमिनो ॲसिड्स हीच), त्यामुळे प्रोटीन मोजायच्या नेहमीच्या 280 नॅनोमीटरच्या प्रकाशात शुद्ध प्रोटीनही जवळपास दिसत नाही. ब्लॉट (प्रोटीन जेलमधून मेम्ब्रेनवर उतरवून अँटिबॉडीने ओळखायची पद्धत) करायचा तर 0.2 मायक्रॉन छिद्रांचा मेम्ब्रेन घ्या, नाहीतर एवढं लहान प्रोटीन आरपार निघून जातं, आणि सॅम्पलमध्ये ताजं डीटीटी (सल्फर-सल्फर बंध तोडणारं रसायन) घाला म्हणजे सिस्टीन एकमेकांना चिकटणार नाहीत.

पण एवढ्यावर लगेच 'मेटॅलोथायोनिनने वाचवलं' असं लिहू नका प्लीज. झिंक स्वतःही पेशीत बरंच काही करतं, काही ट्रान्सपोर्टरवर (धातू पेशीत नेणाऱ्या प्रोटीन्सवर) तर कॅडमियमशी स्पर्धा करतं, म्हणून धुणं महत्त्वाचं. खरा पुरावा हवा असेल तर मेटॅलोथायोनिन 1 आणि 2 (याचेच दोन प्रकार) दोन्हींची जीन्स काढून टाकलेल्या नॉकआउट पेशींवर हेच चार गट लावा. त्यांच्यातही झिंकने तेवढाच फायदा झाला, तर श्रेय या प्रोटीनचं नाही. फायदा गेला किंवा खूप कमी झाला, तर मग बिनधास्त लिहा.